डावी बाजू

“मावशी, आ करा. अजून मोठा. दाढ काढायचीय, कुजबुज नाही ऐकायची!”

डॉक्टर विनोदी होते. मावशी हसायला गेली, पण दोन्ही गाल बधिर झाले होते. त्यांच्या दवाखान्यात हत्यारं उकळण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. खालच्या दोन्ही अक्कलदाढा किडल्या, तेव्हा डॉक्टरच म्हणाले होते, “घरचं माणूस तुम्ही. एकदमच काढून टाकू.”

त्यांनी तिच्या दंडातून रक्त काढलं, नळी यंत्रात गरगर फिरवली. आत पिवळसर जेलीसारखी गाठ जमली.

“तुमच्याच रक्ताची साय. दाढेच्या रिकाम्या खड्ड्यात बसवली की जखम झटपट भरते.”

उजव्या खड्ड्यात साय बसवून त्यांनी टाके घातले. डाव्या खड्ड्यात नुसता कापूस. तोंड भरलेलं, म्हणून मावशीने डावीकडे बोट दाखवलं.

“राहू दे ती बाजू तशीच,” डॉक्टर म्हणाले.

उजवी बाजू गुण्यागोविंदाने भरू लागली. डावीकडून मात्र कानापर्यंत कळा जाऊ लागल्या. लेक म्हणाली, “आई, तोंडाला वास मारतोय गं,” आणि आपली उशी दुसऱ्या खोलीत घेऊन गेली.

डॉक्टरांनी आरसा घालून पाहिलं. त्यांचा चेहरा खुलला. “वा! आपसूक जमलेली रक्ताची गुठळी निसटली. हाड उघडं पडलंय!”

“काहीतरी घाला हो त्यात. जीव जातोय.”

“सोमवारी. फोटो झाले की. आता औषध भरलं तर फरक कसा दिसणार? साय घातलेली आणि न घातलेली, एकाच तोंडात!”

मावशी त्यांच्याकडे बघतच राहिली. “मला वाटलं, डावीकडे साय घालायला तुम्ही विसरलात.”

“मी? विसरेन कसा?” डॉक्टरांना चक्क वाईट वाटलं.

नोकरी सोडून जाणार कुठे? गाल दाबत तिने सोमवारपर्यंत हत्यारं उकळली. फोटो झाले, मग औषध मिळालं.

पुढे डॉक्टरांचं व्याख्यान झालं. चहा द्यायला मावशीच होती. पडद्यावर तिचं तोंड भिंतभर उघडं होतं. उजवीकडे गुलाबी, डावीकडे करडं.

“शी! काय घाण तोंड आहे,” पुढच्या रांगेतली एक तरुण डॉक्टरीण हसत म्हणाली. “मावशी, साखर आहे का?”

मावशीने ओठ घट्ट मिटले आणि साखरेचं भांडं तिच्यापुढे धरलं. मागे टाळ्या पडत होत्या.