डाव्या डोळ्यातली चमक

स्ट्रॉबेरी ठरली ती तिसऱ्या भांडणानंतर. मिरानला दान्बीचा दोल, म्हणजे लेकीचा पहिला वाढदिवस, अगदी एका सुरात हवा होता: स्ट्रॉबेरीचे पडदे, स्ट्रॉबेरीचा केक, पाहुण्यांना द्यायच्या साबणाच्या वड्यासुद्धा स्ट्रॉबेरीच्या आकाराच्या. सासूबाईंना हवी होती जुन्या रीतीची मांडणी. पांढरा वाफवलेला तांदळाचा केक, वाळलेली बोरं, सुताची लडी, आणि मागे साधा पडदा.

"मुलीचा दोल आहे की फळवाल्याची गाडी?" त्या म्हणाल्या होत्या. "आमच्या वेळी लेकरू वर्षभर तगलं, हाच काय तो थाट."

"आता सगळेच करतात हो, आई."

"सगळे विहिरीत उडी मारतील. तूही मार."

तोडगा काढला मिरानच्या नवऱ्याने, ग्यूहोने. स्ट्रॉबेरी लाल, आणि लाल रंगाने दृष्ट लागत नाही. म्हणूनच तर दोलला ज्वारीचे लाल गोळे करतात ना? सासूबाईंनी बोटांवर पाहुणे मोजले. मग म्हणाल्या, "ठीक आहे. पण गोळे दुप्पट, आणि ते मीच वळणार." त्यांच्या छोंग्जू गावातल्या एका हॉलमध्ये साठ माणसांचं जेवण सांगून झालं. शनिवार ठरला. मिरान याद्या करत सुटली. तिला याद्यांचं वेडच होतं, दान्बीच्या मोज्यांचीसुद्धा यादी असायची.

मंगळवारी सकाळी वर्षभराची चित्रफीत करणाऱ्या मुलीचा फोन आला. "ताई, स्टुडिओने दुरुस्त करून दिलेले फोटो फारच लहान आहेत हो. मोठ्या पडद्यावर फाटतील. मूळ फोटो असतील ना?"

मूळ फोटो होते. सगळेच स्टुडिओ देतात, आणि कुणीच उघडून बघत नाही. दुरुस्त केलेल्या फोटोत लेकरू असं गोंडस असतं, की मूळ बघायची इच्छाच होऊ नये. लाळ पुसलेली, गालावरचे ओरखडे गेलेले, टक्कल भरून आलेलं. मिरानने दान्बीला मांडीवर घेतलं आणि पहिला फोटो उघडला, ती शंभर दिवसांची झाली तेव्हाचा.

डावा डोळा पांढरा होता.

उजवी बाहुली काळीभोर, आणि डावीत मांजराच्या डोळ्यासारखी थंड, पांढरी चमक. तिने पुढचा उघडला. त्यातही तेच. दोनशेव्या दिवसाचा उघडला. त्यात चमक मोठी झाली होती. तिने फोन पालथा ठेवला. कारण ही चमक ती पहिल्यांदा पाहत नव्हती. शंभराव्या दिवसाचे फोटो निवडताना तिने स्टुडिओला दुरुस्तीची यादी पाठवली होती, नेहमीच्या नीटसपणे, आकडे घालून. पहिलं, हनुवटीवरची लाळ. दुसरं, टोपीची सुरकुती. तिसरं, डाव्या डोळ्यातली चमक काढावी, उजव्यासारखा करावा.

दिव्याची चमक असेल, असं तेव्हा वाटलं होतं. कुणालाही वाटलं असतं, असं ती आता मनाला बजावत होती, आणि मन काही ऐकत नव्हतं. दोनशेव्या दिवशी तर तिने यादीत नुसतं "डोळा, मागच्यासारखाच" एवढं लिहिलं होतं. म्हणजे तिला तो दुसऱ्यांदा दिसला होता. दिसला होता, आणि तिने तो सुरकुतीच्या यादीत टाकला होता.

त्या दिवशी तिने कुणालाच काही सांगितलं नाही. संध्याकाळी सासूबाई गोळ्यांवर लावायच्या लाल चवळीची पिशवी घेऊन आल्या, तेव्हाही नाही. त्यांनी आल्या आल्या दोलजाबीची तालीम मांडली. दोलला लेकरू समोर मांडलेल्या वस्तूंतली पहिली कुठली उचलतं, त्यावर त्याचं पुढचं आयुष्य ठरतं म्हणतात. म्हणून घरोघरी आधी सराव चालतो, आणि दोलच्या दिवशी सगळे तोंडावर हात ठेवून चकित होतात. सासूबाईंनी जमिनीवर सूत, ब्रश, नोट आणि चेंडू ओळीने ठेवले. सूत डाव्या टोकाला.

दान्बीने चेंडू उचलला. पुन्हा मांडलं, पुन्हा चेंडू.

"सुताकडे बघतसुद्धा नाही गं ही!" सासूबाई कुरकुरल्या. "दीर्घायुष्य नको का बाईसाहेबांना? थांब, सूत इकडे ठेवते." सूत उजवीकडे आलं. दान्बीने लगेच ते उचलून तोंडात घातलं. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. "बघ! नुसती जागा चुकली होती."

मिरान उठली. ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

बुधवारी ग्यूहो कामावर गेल्यावर तिने दार आतून लावलं. का लावलं ते तिचं तिलाच कळलं नाही, घरात दुसरं कोणी नव्हतंच. दान्बीला समोर बसवून तिच्या हातात चमचा दिला. मग आपल्या तळव्याने तिचा डावा डोळा हलकेच झाकला. दान्बी चमच्याशी खेळतच राहिली, आईचा हात जणू तिथे नव्हताच. मिरानने हात काढला आणि उजवा डोळा झाकला.

दान्बी थांबली. चमचा खाली पडला. तिने मान इकडून तिकडे फिरवली, दोन्ही हातांनी आईचं मनगट ओढलं आणि जिवाच्या आकांताने रडायला लागली. मिरानने हात काढताच रडणं बंद झालं. तिने पुन्हा झाकला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा करायचं धाडस तिला झालं नाही.

गल्लीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गर्दी नव्हती. ते चांगले बोलके गृहस्थ होते, दोलच्या तयारीबद्दल विचारत होते. त्यांनी दिवा लावून डाव्या डोळ्यात पाहिलं आणि दोलचं बोलणं अर्धंच सोडून पुन्हा पाहिलं. मग चिठ्ठी लिहिली. "सोलला जा. आज निघता येईल का?"

"शनिवारी दोल आहे हो," मिरान म्हणाली. आपण हे काय बोललो, हे तिला बोलल्यावर कळलं.

"आजच जा," डॉक्टर म्हणाले.

ग्यूहो कामावरून धावत आला. सासूबाई हातावर लाल पीठ तसंच घेऊन आल्या. रेल्वेच्या डब्यात ग्यूहोने विचारलं, "एवढे फोटो काढले वर्षभरात. एकातही कसं दिसलं नाही?"

मिरानच्या जिभेवर खरं आलं होतं. पण समोर सासूबाई बसल्या होत्या. "स्टुडिओवाल्यांनी पुसलं असेल. काल मूळ फोटो उघडले, तेव्हा दिसलं," ती म्हणाली.

झालं, सासूबाईंना खापर फोडायला डोकं मिळालं. "मेले! लेकराचा डोळा पुसतात! त्यांच्या घरचं कुणी असतं तर? परत आल्यावर त्यांच्या दारात जाऊन बसते की नाही बघ." सोल येईपर्यंत त्या थांबल्या नाहीत. ग्यूहो मूठ आवळून खिडकीबाहेर बघत होता. मिरान दान्बीच्या टोपीची गाठ सोडून पुन्हा पुन्हा बांधत होती. सासूबाईंनी आपल्याला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. आणि तरीही, त्या घालत नाहीत याचं तिला हायसं वाटत होतं. स्वतःची एवढी किळस तिला आयुष्यात कधी आली नव्हती.

मोठ्या रुग्णालयात संध्याकाळपर्यंत तीन तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या होत्या, आवाज शांत. डोळ्यात गाठ आहे, त्यांनी सांगितलं. उद्या भूल देऊन दोन्ही डोळे नीट तपासायचे. आधी जीव, मग डोळा. "एक सांगा. चमक पहिल्यांदा कधी दिसली? ती किती वेगाने वाढली यावर आम्हाला बरंच ठरवायचं असतं."

"काल," ग्यूहो म्हणाला. "स्टुडिओने फोटोतून ती..."

"त्या हरामखोरांनी!" सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी लिहायला सुरुवात केली. काल. मिरानला त्यांचं पेन दिसत होतं. तो खोटा शब्द कागदावर उतरला, की त्यावर उद्याचे सगळे निर्णय ठरणार होते. कुठलं औषध, किती घाई, डोळा ठेवायचा की काढायचा. सासूची भीती, नवऱ्याची भीती, त्यापुढे ही भीती डोंगराएवढी होती.

"नऊ महिने झाले," ती म्हणाली.

पेन थांबलं.

"शंभराव्या दिवशी दिसली होती. मला दिसली होती. स्टुडिओने आपणहून नाही पुसली. मी यादी पाठवली होती, तिसऱ्या नंबरवर लिहिलं होतं. दोनशेव्या दिवशी परत लिहिलं. मूळ फोटो आहेत माझ्याकडे, दोन्ही वेळचे."

तिने फोन पुढे केला. तो ग्यूहोने घेतला. त्याने आधी फोटो पाहिला, मग यादी वाचली, आणि बराच वेळ तो तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत असावा. मग त्याने फोन डॉक्टरीणबाईंच्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.  

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले, मोठे केले, आधीचं खोडून नवं लिहिलं. "हे कामाचं आहे," एवढंच म्हणाल्या. त्यांनी दोष दिला नाही की दिलासाही दिला नाही.

नर्स औषधाचे थेंब घेऊन आली. दान्बीला कुणकुण लागली असावी, ती आधीच हातपाय झाडायला लागली. "कुणीतरी डोकं घट्ट धरा. हललं तर थेंब वाया जाईल. आईच धरेल ना?"

मिरान अर्धी पुढे झाली आणि मागे सरली. तिने सासूबाईंकडे पाहिलं आणि दान्बीला त्यांच्या पुढे केलं. "आई, तुम्ही धरा. मला नाही..."

सासूबाईंनी हात पुढे केले नाहीत. त्यांच्या नखांत लाल पीठ वाळलेलं होतं. त्यांचा चेहरा एका दिवसात दहा वर्षांनी उतरला होता, आणि त्यात माया दिसत नव्हती.

"तूच धर," त्या म्हणाल्या. "घट्ट धर. आणि या वेळी बघ."

मिरानने दान्बीचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं. नर्सने डाव्या डोळ्याची पापणी वर केली. दान्बी किंचाळली. मिरानला मान फिरवावीशी वाटली, डोळे गच्च मिटावेसे वाटले. तिने ते उघडे ठेवले आणि त्या पांढऱ्या बाहुलीत थेंब पडेपर्यंत बघत राहिली.