४४१७ कोणी सोडली

हवालदार बारा वाजता येणार होता. घड्याळात पावणेअकरा झाले होते आणि मंगळ्या गेटाच्या केबिनबाहेर उकिडवा बसून एकच वाक्य घोकत होता, "मी 'सोड' वाचलं. आईशप्पथ, 'सोड'च होतं."

अंजूरच्या त्या गोडाऊनातून एकही गाडी मेलवर विचारल्याशिवाय बाहेर पडत नसे. मंगळ्या गाडीचा नंबर टाकून विचारायचा आणि गोडाऊनचा मालक बाळारामशेठ, त्याचा मुलगा मितेश भिवंडीच्या ऑफिसातून उत्तर द्यायचा. 'सोड', नाहीतर 'थांबव'. काल सकाळी ४४१७ सुटली. आत तान्ह्या पोरांच्या दुधाच्या पावडरचे ओल धरलेले, बाजूला काढून ठेवलेले डबे. इगतपुरीला गाडी अडवली म्हणून ते दुकानांत गेले नाहीत. पण ज्यांचा माल त्यांना आता दोष द्यायला माणूस हवा होता आणि मितेशनं माणूस काढून ठेवला होता. पाड्यावरचा, सातवी पास, मागं कोणी उभं राहणारं नाही. अशा वेळी असाच माणूस बरोबर सापडतो!

मितेशनं गेटाचा कॉम्प्युटर सगळ्यांकडे वळवला. ४४१७ च्या प्रश्नाखाली त्याचं उत्तर होतं, 'थांबव'.

"बघा बाबा, काय लिवलंय. ड्रायव्हरकडून बाटली घेतली असंल यानं, दुसरं काय!"

बाळारामशेठ वाकून उत्तर वाचू लागला. सुवर्णा पुढं सरकली. गोडाऊनचा मेल सर्व्हर तीच सांभाळायची. पडघ्याच्या सायबर कॅफेत तीन वर्षं बसून, मांडीवर शब्दकोश ठेवून इंग्रजी मॅन्युअलं वाचून शिकलेली. मितेश तिला 'मॅडम' म्हणायचा, ते आदरानं नव्हे.

तिनं स्क्रीनवर बोट टेकवलं. "शेठ, प्रश्न नऊ चाळीसचा. उत्तर नऊ पाचचं. विचारायच्या आधीच उत्तर?"

"घड्याळ चुकलं असंल मॅडम तुमच्या डब्याचं."

"घड्याळ न्हाय चुकलं. साखळी तुटलीय."

सर्व्हरमध्ये मेल वेगळे असतात आणि कुठलं उत्तर कुठल्या प्रश्नाचं, ही नोंद वेगळी. त्या नोंदीलाच ती साखळी म्हणायची. काल दुपारी बत्ती गेली, यूपीएसच्या मेल्या बॅटरीनं दोन मिनिटंही तग धरला नाही, आणि सर्व्हर लिहिता लिहिता पडला. मेल शाबूत राहिले, नोंद विसकटली आणि भलत्याच गाडीचं उत्तर ४४१७ खाली येऊन चिकटलं. बॅटरी बदला म्हणून तिनं तीनदा लिहून दिलं होतं. तिन्ही कागद मितेशच्या टेबलावर चहाच्या कपाखाली होते.

"म्हंजे मंगळ्यानं पाह्यलं तवा बरोबर होतं?" बाळारामशेठनं विचारलं.

"मेलच्या पोटात लिवलेलं असतं शेठ, तो कोणाला उत्तर हाय ते. आत्ता काढून दाखवते."

"तुझी ती आतली अक्षरं मला न्हाय समजत, पोरी. तू तिथं काय पण लिवशील. जिथं त्यानं पाह्यलं तिथंच दाखव. याच स्क्रीनवर. बारापर्यंत."

सुवर्णा धावत मागच्या खोलीत गेली. मेल बंद केला. मोडकी नोंद पुसली नाही, नाव बदलून बाजूला ठेवली, कारण उद्या कोणी विचारलं तर दाखवायला हवी. मग हुकूम दिला, सगळे मेल पुन्हा वाच आणि साखळी नव्यानं बांध. एकतीस हजार मेल. आकडे धडाधड पळायला लागले आणि तिला हसू आलं. हे मशीन तिचं ऐकत होतं! या गोडाऊनात दुसरं कोणी ऐकत नव्हतं.

अकरा वीसला काम झालं, मेल पुन्हा चालू झाला. शेवटची ओळ वाचून तिचं हसू गळालं. एकूण साखळ्या: नऊ.

एकतीस हजार मेलच्या नऊच साखळ्या?

केबिनमधून मितेश ओरडला, "मॅडम! इथं तर पार खिचडी झाली. नाशिकची गाडी, वाडीबंदरची गाडी, गणपतीची वर्गणी, सगळं एकाखाली एक! चांगलंच रिपेर केलंत!"

असं कसं झालं? मग तिला आठवलं आणि कान तापले. पत्ता टाईप करताना लोक चुकायचे, मेल भलतीकडे जायचे, म्हणून तिनंच सगळ्यांना शिकवलं होतं: जुना मेल उघड, रिप्लाय दाब, मजकूर पुसून नवा लिही. सबंध गोडाऊन तीन वर्षं तेच करत आलं. प्रत्येक नवा मेल जुन्याच्या शेपटाला. मशीननं काही चुकवलं नव्हतं. चूक तिची होती.

पण नंबर? विषयाच्या जागी गाडीचा नंबर प्रत्येक जण नव्यानं घालायचा, तो तिचाच नियम. तिनं मॅन्युअलची पानं फराफरा उलटली. सापडलं! विषय बदलला की साखळी तोड, हे रोजच्या मेलला मशीन आपणहून करायचं, सगळी नोंद नव्यानं बांधताना मात्र वेगळं सांगावं लागत होतं. एक ओळ बदलली आणि पुन्हा हुकूम दिला.

अकरा चाळीस. पंधरा हजार. तिची नजर वरच्या दिव्यावर होती. जाऊ नकोस रे बाबा, आज तरी जाऊ नकोस. अकरा बावन्न. अठ्ठावीस हजार. बाहेर मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला.

एकूण साखळ्या: दहा हजार एकशे चौदा.

ती धावत केबिनमध्ये आली. हवालदार टोपी काढून घाम पुसत होता.

"मंगळ्यादादा, उठ. तूच उघड."

मंगळ्यानं ४४१७ उघडली. दोनच मेल. नऊ चाळीसला त्याचा प्रश्न. नऊ एकेचाळीसला मितेशचं उत्तर: 'सोड'.

"हेच!" मंगळ्या ओरडला. "हेच वाचलं व्हतं मी!"

"एका मिनटात उत्तर," सुवर्णा मितेशला म्हणाली. "वाचलं तरी का, शेठ? आन् तुमचा पाठवलेल्या मेलचा डबा काल संध्याकाळी कोणी रिकामा केला? ते पण सर्व्हर लिवून ठेवतो."

मितेश बापाकडे बघेना. हवालदारानं विचारलं, "मग न्यायचं कोणाला?"

"कोणाला न्हाय," बाळारामशेठ म्हणाला. मग मुलाकडे वळला. "बस हितं. लिव. गाडी मी सोडली, मंगळ्याची चूक न्हाय. ज्यांचा माल त्यांना पाठव आन् गेटाला पण."

मितेश बसला. सवयीनं जुना मेल उघडला आणि रिप्लायवर बोट नेलं.

"न्हाय शेठ," सुवर्णा म्हणाली. "ते मी चुकीचं शिकवलं होतं. नवा काढा. पत्ता स्वतः टाईप करा."

मंगळ्या खुर्चीमागं उभा राहून एकेक अक्षर मोठ्यानं वाचू लागला.