आईला आवरताना

आई सकाळी ओट्यापाशी कोसळली. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. दुपारी तिला इंदिरानगरच्या घरी परत आणलं आणि तिच्या खोलीचं दार मी आतून लावून घेतलं. खाली शववाहिका उभी होती. आत मी आणि मालनआत्या, बाबांची थोरली बहीण.

"सवाष्ण गेलीय," आत्या हळद कालवत म्हणाली. "बाकीच्या बायकांना घे की आत. दोघींचं काम नाय हे."

"अंघोळ आपणच घालू, आत्या. त्या नंतर येतील."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं आणि हळदीची वाटी पुढे सरकवली. आम्ही आईला न्हाऊ घातलं, हिरवी साडी नेसवली. मग मी ओल्या पंच्यानं तिचा चेहरा पुसला. अंघोळीत फिसकटलेला सकाळचा मेकअप निघाला, तशी आत्या मागे सरकली.

"आगं बाई. लंकाच्या तोंडाला काय झालं हे?"

गालांवर काळपट निळे चट्टे होते. हनुवटीची कातडी इतकी पातळ झाली होती, की लाल शिरांचं जाळं वरून दिसत होतं.

आत्याला काय सांगणार? आधी फक्त वांग होते, चाळिशीनंतर येतात तसे. मग हातात स्मार्टफोन आला. इन्स्टावर आई लंका नव्हती, लीना होती. साड्या नेसून दाखवायची, छान बोलायची, आणि फिल्टरमध्ये तिचा चेहरा अंड्याच्या कवचासारखा दिसायचा. बायका वय विचारायच्या. लग्नकार्यात कुणी समोरून ओळख दिली, की मात्र ती पदर सारखा करून गर्दीत जायची. त्या फोनमधल्या चेहऱ्यापर्यंत पोहोचायचं म्हणून तिनं एका रीलवर बघून नाव-गाव नसलेलं गोरेपणाचं क्रीम मागवलं. त्यानं चेहरा जाळला. बंद केलं की आग व्हायची, म्हणून पुन्हा लावायची. मग ते झाकायला मेकअप. बाबा उठायच्या आत आवरून बसलेली असायची. झोपायची वेगळ्या खोलीत, बाबांच्या घोरण्याचं निमित्त करून.

गेल्या वर्षी पित्ताशयाच्या ऑपरेशनआधी नर्सनं मेकअप पुसायला लावला, तेव्हा ती रडली होती. माझा हात धरून म्हणाली, "मी गेले तर आधी मला आवर. मगच माणसं आत घे. तुझ्या बाबांनासुद्धा." मी हो म्हटलं होतं.

मी ड्रॉवर उघडला. फाउंडेशन, स्पंज, कन्सीलर.

"मेलेल्या माणसाला ते कशाला?" आत्या म्हणाली. "लय झालं तर पदर पुढं घेऊ."

"शेवटचं कुंकू लावताना पदर मागे घ्यावाच लागेल ना."

मी आईच्या उजव्या गालावर फाउंडेशन लावलं. ते पसरेना. जिवंत त्वचेची ऊब नव्हती. थर नुसता वर बसला. मी ते तळहातावर कोमट करून पुन्हा लावायला लागले.

बाहेर हॉलमध्ये बायकांची कुजबुज चालू होती.

"फोटोत किती तरुण दिसायच्या नाही?"

"आता दिसेलच की."

दारावर थाप पडली. चुलतभावाची बायको, पूजावहिनी. "ताई, सुरतची मंडळी व्हिडिओ कॉलवर आहेत. त्यांना दर्शन घडवायचंय. किती वेळ?"

"थांब जरा."

"अंधार पडायच्या आत अमरधामला पोहोचायचंय, म्हणतायत सगळे."

उजवा गाल निम्मा झाला होता, डावा तसाच उघडा. पुन्हा थाप पडली. या वेळी बाबा होते.

मी दार फटीएवढं उघडलं. त्यांच्या हातात कुंकवाचा करंडा होता. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात जन्म काढलेला माणूस. आवाज नेहमी मोठा. आता मात्र हळू बोलले.

"कुंकू मला लावायचंय."

"पाच मिनिटं, बाबा."

त्यांनी माझ्या हातातला स्पंज पाहिला. "हे काय करतेयस? पूस ते."

"तिनं सांगितलंय."

"मला नाही सांगितलं."

"तुम्हाला तर मुळीच दाखवायचं नव्हतं तिला," मी म्हणाले. बोलून गेले आणि मग परत घेता येईना.

बाबा दाराच्या चौकटीला हात टेकून उभे राहिले. "मी लग्न फोनमधल्या बाईशी केलं होतं का?" ते म्हणाले. "माझी बायको आहे ती. आज नाही बघितली तर कधी बघू?"

मागून पूजावहिनी फोन उंच धरून मान लांब करत होती. आईला दिलेला शब्द आणि हा माणूस, दोन्ही माझ्यासमोर होते आणि दार मला एकटीलाच धरायचं होतं.

मी बाबांना आत घेतलं आणि पुन्हा कडी लावली.

ते आईच्या डाव्या बाजूला बसले. उघड्या बाजूला. अंगठ्यानं एका चट्ट्याची कड चाचपली, भाजलेल्या जागेला हात लावावा तशी.

"दुखायचं का हिला?"

"आग व्हायची."

"आणि मी म्हणायचो, किती वेळ आरशापुढे." त्यांनी कुंकू बोटावर घेतलं. ठसठशीत लावलं, लग्नातल्यासारखं. हात खाली आला तेव्हा आत्या तोंडात पदर कोंबून रडत होती.

दार बाहेरून ढकललं गेलं. कडी खडखडली.

"ताई, कॉल कट होईल!"

"होऊ दे कट!" बाबा ओरडले. आवाज सगळ्या हॉलला ऐकू गेला असेल. मग माझ्याकडे वळले. "बघत काय बसलीस? लाव."

"बाबा?"

"मी बघितलं. बास. ह्या बायांना नाही दाखवायचं."

मी फाउंडेशन पुन्हा तळहातावर घेतलं. त्यांनी आईची हनुवटी दोन बोटांनी धरली आणि चेहरा खिडकीच्या उजेडाकडे वळवला, मला दिसावं म्हणून. मी डावा गाल झाकत गेले. ते वाकून बघत होते.

"कानापाशी राहिलंय," बाबा म्हणाले.