एकाच कपातला न्याय

गुरुवारी बियाण्याचं दुकान सकाळी दहालाच बंद व्हायचं आणि तिथेच कोर्ट भरायचं. दुकानदार व्हर्न स्टॅकली हाच काउंटीचा न्यायाधीश. कायदा शिकलेला नव्हता, पण माणूस भला. दर वेळी निवडून यायचा. नवरा-बायकोचं भांडण आलं की दोघांना एकाच कपातून कॉफी प्यायला लावायचा आणि तक्रारीचा कागद फाडायचा. अठरा वर्षांत एक घटस्फोट नाही, याचा गावाला केवढा अभिमान!

कार्नाची ही तिसरी खेप. ओठाला टाके, डावा डोळा सुजून मिटलेला. शेजारी नवरा डेल मांडीवर टोपी ठेवून बसलेला. मागे कार्नाचे वडील, येन्स ओडगार्ड. मागच्या दोन्ही वेळी, "पी गं, मिटव," असं त्यांनीच सांगितलं होतं. त्यावरून कार्नाची आई आठवडाभर त्यांच्याशी बोलली नव्हती. मार्चमध्ये ती गेली. तिच्या शवपेटीला व्हर्ननेही खांदा दिला होता.

"घे पोरी, घोटभर." व्हर्नने कप पुढे केला.

"मला नको, काका."

"अगं, गोड आहे. डेलपेक्षा तरी गोड!" व्हर्न हसला. डेलही हसला.

"याला माझ्यापासून लांब ठेवा. तसा हुकूम द्या."

व्हर्न गांगरला. "असा हुकूम काढता येतो की नाही, मला कुठे ठाऊक? मी मका विकतो, बाई! येन्स, तू तरी समजाव हिला."

"दोनदा समजावलं. चुकलं माझं," येन्स म्हणाले. "चल कार्ना, आपल्या घरी."

पुढच्या मंगळवारी राज्यभर मतदान होतं: ही गावठी कोर्टं मोडून कायदा शिकलेले न्यायाधीश नेमायचे का? चर्चच्या तळघरात मतदानाची रांग कुरकुरत होती.

"बाहेरचा माणूस आपल्याला काय ओळखणार?"

"न ओळखणाराच हवाय मला," येन्स म्हणाले. रांग पुढे सरकली.

ठराव पडला. काउंटीत सहाशे अकरा विरुद्ध, चाळीस बाजूने.

पुन्हा मतदान घ्यायचं तर सह्या लागतात. येन्स कागद घेऊन निघाले. बारा घरं झाली. सगळीकडे केक मिळाला, सही कुठेच नाही. येन्सचा संताप वाढत गेला. तेरावं घर व्हर्नचं. तुझं कोर्ट मोडायला निघालोय, हे त्याला तोंडावरच सांगायचं ठरवून त्यांनी दार वाजवलं.

व्हर्नची बायको ओपल बाहेर आली. हात पिठाचे.

"तो जेवतोय," ती म्हणाली. तिने कागद उभ्या-उभ्याच वाचला, दार मागे ओढून घेतलं. "पेन आणलंय ना?"

चौकटीला कागद टेकवून तिने सही केली. परत मात्र दिला नाही.

"राहू दे माझ्याकडे. शनिवारी आमचं शिवणमंडळ असतं. अकरा जणी येतो आम्ही."