राहून गेलेला घाट

मित्रांनो, बडनेऱ्याच्या रस्त्यावर एका मोटार स्कूलच्या मैदानात उभा असलेला जुना ट्रक तो मी. तरुणपणी मी परतवाड्याची संत्री दूरदूरच्या बाजारांत नेली. पुढे माझ्या स्प्रिंगांचे पाटे थकले, तेव्हा स्कूलच्या मालकांनी, जानरावांनी, मला विकत घेतलं, अंगावर लाल ‘एल’ काढला आणि हेवी लायसन्स काढणाऱ्या पोरांच्या हवाली केलं.

सतरा वर्षांत माझ्या सीटवर बसून गेलेल्या प्रत्येकाची नोंद माझ्याजवळ आहे. पहिल्या दिवशी चारांतले तीन जण मला बंद पाडतात, आणि तिघंही दोष मलाच देतात. ट्रॅक्टरवरून आलेले मला बैलासारखं चुचकारतात. लग्न ठरलेले आरशात रस्ता कमी आणि भांग जास्त पाहतात. तरी त्यातले पुष्कळ जण पोटाला लागले. दसऱ्याला कुणी हार घालून जायचं, म्हणायचं, “याच गाडीनं माणसात आणलं.” असं ऐकलं की इंजिन सुरू नसतानाही ऊब वाटायची.

शिकवायचे इनायतुल्ला उस्ताद. त्यांचा शिरस्ता ठरलेला होता. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात माझ्यात वाळूची पोती भरायची आणि प्रत्येक पोराकडून मेळघाटातला घाट उतरवून घ्यायचा. पुढे जानरावांना ती पोती जड वाटू लागली. “भरा, उतरवा, अख्खा दिवस जाते,” ते म्हणत. आधी पोती गेली, मग घाट गेला. हजेरीच्या वहीत मात्र तीस दिवस भरतच राहिले.

दिवाळीनंतर परतवाड्याचा कुलदीप आला. सहा वर्षं जीपवर सवाऱ्या वाहिलेला, हसरा गडी. लायसन्स हाती आलं की एक ठेकेदार त्याला ट्रक देणार होता. उशीर झाला तर दुसऱ्याला. हात फार गोड होता त्याचा. गिअर असा टाकायचा की मला कळायचंही नाही. बाराव्या दिवशी तो माझ्या पायरीवर बसला आणि तीन पेनं बदलून त्यानं तीस दिवसांच्या सह्या एकाच बैठकीत उरकल्या. आता प्रत्येक सहीपुढे उस्तादांची सही हवी होती.

“तुहा घाट राहिला,” उस्ताद म्हणाले.

“चाचा, माई जीप घाटातच पयते ना! उतार लागला का न्यूट्रल करतो आन् देतो सोडून. डिझेलई वाचते.”

“जीप हाय ते! भरला ट्रक न्यूट्रलमंदी निरा ब्रेकवर येते. ब्रेक तपले का मंग दाबत राय पाय. ज्या गिअरमंदी चढली, त्याच गिअरमंदी उतरवाची. समजलं?”

“चढली त्याच गिअरमंदी. झालं पाठ!”

जानराव ऑफिसातून ओरडले, “कावून अडवून राहिले उस्ताद? पाठ म्हणून दाखवलं ना त्यानं!”

उस्तादांनी पेन घेतलं. तीस सह्या केल्या.

परीक्षा सपाट मैदानावर झाली. कुलदीप पास झाला, आणि खरोखर पास झाला. पेढे वाटताना त्यानं एक माझ्या बोनेटवरही ठेवला. मुंग्यांनी खाल्ला.

ठेकेदाराचा ट्रक हाती आल्यावर बाविसाव्या दिवशी सोयाबीनची पोती घेऊन तो घाट उतरत होता. एका जुन्या विद्यार्थ्यानं मैदानात येऊन सांगितलं तेवढंच मला ठाऊक आहे: गिअर न्यूट्रलमध्ये होता, ब्रेकचे ड्रम तापून निळे पडले होते, आणि गाडी कुलदीपसकट दरीत होती. डोक्यानं धडा पाठ केला होता. पण हातापायांना सहा वर्षांची जीपच आठवली.

महिन्याभरानं त्याची बायको आकांक्षा आली. बसायला सांगितलं तरी बसली नाही.

“चाचा, ते पेत नव्हते. गाव म्हणते, पेऊन गाडी घातली. सासूबाईनं फोटो भिंतीवरून काढून ठेवला. इतकंच सांगा, त्यायले भरल्या गाडीचा घाट शिकवला होता का?”

जानराव चटकन म्हणाले, “वहीत तीस दिवस हायेत, पोरी.”

“मी वहीले नाही इचारून राहिली.”

उस्ताद तिच्यासमोर येऊन उभे राहिले. मग म्हणाले, “नाही शिकवला, बेटा.”

“मंग चला. माह्या सासूले हेच सांगा.”

ते तसेच तिच्याबरोबर गेले. दुसऱ्या दिवशी परतले ते किल्ली द्यायला. जानरावांनी विचारलं, “का म्हणे बुढी?”

“त्याच्या मायनं, गोदाबाईनं, सारं आयकलं. फोटो टांगला. मंग मले पानी देल्लं आन् इचारलं, ‘तुमाले मालूम होतं, मंग सही कावून केली?’”

“तुमी का म्हटलं?”

“पानी पेलो,” उस्ताद म्हणाले आणि फाटकातून निघून गेले.

आता दुसरा मास्तर आहे. वही तीच आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातलं कुणी हेवी लायसन्स काढायला निघालं, तर पेढे मागण्याआधी एवढंच विचारा, भरली गाडी घेऊन घाट उतरलास का? नाही म्हणाला, तर हात धरून माझ्याकडे परत आणा. म्हातारा झाला म्हणून मला जपू नका. माझ्यात पोती भरा. माझा क्लच जळू द्या, पाटे मोडू द्या, त्याच्या चुका माझ्या अंगावर होऊ द्या. मी मोडलो, तर भंगारवाला येईल आणि घेऊन जाईल. कुणाच्या दारात गर्दी जमणार नाही.