सोडून दिलेली फाईट

विठ्ठलवाडी स्टेशनजवळ आनंदाचं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. तिथे एक मशीन असं होतं की त्यात वेगवेगळ्या जुन्या खेळांतले लढवय्ये एकत्र आणलेले होते. ज्यांची आपसात कधी गाठ पडली नव्हती ते त्यात समोरासमोर यायचे. तीन जणांचा संघ निवडायचा. एक पडला की दुसरा उतरायचा, तिसरा पडला की खेळ संपला. पोरं उल्हासनगरहून, कल्याणहून यायची, पण त्या मशीनवर राज्य दोघांचंच होतं. कुंडलिकचं आणि नामाचं.

दोघेही पंचविशी ओलांडलेले. कुंडलिक डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत प्लँटवर होता. नामा खाडीकाठचा कोळी. खाडीत काही मिळेनासं झालं तेव्हा त्याने रिक्षा घेतली.

"तुमच्या कंपनीच्या पाण्याने खाडीतल्या आमच्या निवट्या मेल्या," नामा मशीनचं हँडल फिरवत म्हणायचा.

"म्हणून तर माणसांत आलास. नायतर अजून चिखलात असतास," कुंडलिक बटणं दाबत उत्तर द्यायचा.

नामा कुणाला सोडत नसे. समोर शाळेतलं पोर असलं तरी पुरतं मारायचा. "हरायला आलायस ना, मग हरून जा," म्हणायचा. त्यामुळे नामाला हरवलं तर ते खरं हरवणं, असं पार्लरमध्ये सगळे मानत.

अठ्ठ्याण्णव साली कंपनीत पाइपचा जोड सुटला आणि कुंडलिकच्या उजव्या हातावर अ‍ॅसिड पडलं. हात वाचला. कातडी आली, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळव्याकडे वळलं ते वळलंच. सुपरवायझर घरी येऊन चहा पिऊन गेला. जाताना म्हणाला, "गेटवर तुझ्यासाठी जागा ठेवलीय. बसून काम आहे. पुढच्या दिवाळीपर्यंत काय ते सांग. हात पहिल्यासारखा झाला तर मात्र प्लँटवर ये, आम्हाला माणूस हवाच आहे."

कुंडलिकचा बाप जन्मभर एका गिरणीच्या गेटवर होता. साहेबाची गाडी आली की उठून उभा राहायचा, पावसातसुद्धा. कुंडलिक बायकोला म्हणाला, "बापाने उघडलं तेवढं गेट पुरे. मी नाही उघडणार."

मीराबाई म्हणाली, "गेट उघडून कुणी मरत नाही."

हात पहिल्यासारखा झाला की नाही हे कुणी सांगायचं? डॉक्टर म्हणाला, वापरत राहा. म्हणून वर्षभराने कुंडलिक पुन्हा त्या मशीनपुढे उभा राहिला. त्या खेळातला मोठा डाव मारायचा तर डाव्या हाताने हँडल दोनदा अर्धं फिरवून उजव्याने दोन बटणं एकदम दाबावी लागत. ती एकदम दबली पाहिजेत. क्षणभर पुढेमागे झालं की लढवय्या नुसता हात हलवून उभा राहतो.

कुंडलिकचा लढवय्या तसाच उभा राहू लागला. नामाने त्याला मारलं. दुसऱ्या दिवशीही मारलं. तिसऱ्या दिवशी पोरांनी बघणं सोडलं.

"अरे, दाब ना नीट," नामा म्हणाला.

"दाबतोय."

"कुठे दाबतोस? कुरवाळतोयस."

कुंडलिक घरी जायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा. एकदा त्याने तो हात मोरीच्या दगडावर आपटला. रक्त आलं तेव्हा मीराबाईने तो धरून ठेवला.

दुपारी ती रिक्षा स्टँडवर गेली. नामा मागच्या सीटवर पाय दुमडून झोपला होता.

"भावजी, एकदा त्याला जिंकू द्या."

नामा उठून बसला. "वहिनी, मला तसं खेळता येत नाय."

"मग शिका. तुमचं काय जातंय? एक पडद्यावरचा माणूस पडेल. इथे खरा माणूस पडलाय."

"त्याला कळेल."

"कळणार नाही असं करा."

नामाने तसं केलं. दोघांचा शेवटचा लढवय्या उरेपर्यंत तो मन लावून खेळला. कुंडलिकच्या लढवय्याने मोठा डाव टाकला, तेव्हा नामाने अडवायचं बटण डोळ्याचं पातं लवण्याएवढं उशिरा दाबलं. आनंदालासुद्धा कळलं नाही. पोरं ओरडली.  कुंडलिक वाकड्या बोटांचा आपला हात बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी मीराबाई नामाला बाजारात भेटली. बऱ्याच दिवसांनी तिचा चेहरा मोकळा होता. "काल पोटभर जेवला हो," ती म्हणाली.

आठवडा गेला आणि कुंडलिक स्टँडवर आला. पायात नवे सेफ्टी शूज होते. "सोमवारपासून प्लँटवर. गेटची जागा सोडली मी."

नामा गाडीची काच पुसत होता. तो फडकं फिरवतच राहिला. "हात चालतोय का पण?"

"तुला पाडलं ना? तुझ्यापुढे व्हॉल्व्ह काय चीज आहे."

तेव्हा नामाने खरं सांगायला हवं होतं. तो म्हणाला, "जपून कर."

व्हॉल्व्हचं चाक कुंडलिकने नेहमी एका दमात फिरवलेलं. त्या सोमवारी ते अर्ध्यावर अडलं. जोर लावला तशी बोटं सुटली आणि चाक उलटं फिरलं. खाली सहदेव होता, त्याच्याहून जुना कामगार. वर बघून तो काहीतरी विचारत होता. पाइपमधलं अ‍ॅसिड त्याच्या तोंडावर आलं. जीव वाचला, दोन्ही डोळे गेले.

कंपनीने कुंडलिकला काढलं. ठाण्याच्या इस्पितळात सहदेवला बघून तो थेट स्टँडवर आला.

"चल," तो नामाला म्हणाला.

"कुठे?"

"आनंदाकडे. आणि खरं खेळ."

पार्लर रिकामं होतं. दोघांनी तीन-तीन जण निवडले. नामाचा पहिलाच लढवय्या उतरला आणि त्याने एकट्याने कुंडलिकचे तिन्ही पाडले. नामा एकदाही थांबला नाही. कुंडलिकची बोटं बटणांवरून घसरत होती आणि तो त्यांच्याकडेच बघत होता, पडद्याकडे नाही.

"त्या दिवशी फाईट सोडलीस," तो म्हणाला.

"सोडली."

"का?"

नामाला मीराबाई आठवली. "कीव आली तुझी."

"माझी कीव आली तुला," कुंडलिक म्हणाला. "आता सहदेवच्या घरी जाऊन हेच सांग."

नामा गेला. सहदेवच्या बायकोने, शेवंतीने, ऐकून घेतलं. खेळ कसला, त्यात कोण हरलं, तिला काही समजलं नाही. ती एवढंच म्हणाली, "भाऊ, यांना सकाळी बाहेर धरून न्यायला कुणी असलं तर बघा."

कुंडलिकने नामाशी बोलणं सोडलं. घरात त्याचं नाव काढायचं नाही असं बायकोला बजावलं.  तिसऱ्या दिवशी मीराबाई स्टँडवर आली.

"मी सांगते त्याला. मीच म्हटलं होतं तुम्हाला."

"नका सांगू."

"किती दिवस तुमच्या माथी ठेवायचं?"

"मला टाकलं त्याने, चालेल. मी परका," नामा म्हणाला. "तुम्हालाही टाकलं तर त्याच्यापाशी राहील कोण?"

एक गिऱ्हाईक येऊन बसलं आणि कल्याण म्हणालं. नामाने रिक्षा सुरू केली. मीराबाई घरी गेली. तिने कुंडलिकला सांगितलं नाही, त्या वर्षी नाही आणि नंतरही नाही.