एक्केचाळीस नंबर माझ्याच पोटात होता

माझ्या सिग्नेवर कुणी विश्वास ठेवला नाही. माझं तर सोडाच; लाकडाच्या पेटीला कोण विचारतो! पण मी एक्केचाळीस नंबरच्या फुग्याची पेटी आहे, आणि आज बोलणारच.

मिनेसोटातल्या एका कारखान्यात पाइनच्या फळ्या ठोकून मला केलं. सैन्यासाठी आकाशात सोडायचे भलेथोरले फुगे तिथे व्हायचे, आणि सिग्ने टोर्विक त्यांच्या घड्या घालायची. बोटात अंगठी नाही, नखं रोज घासलेली. एक ओरखडा पडला की फुगा वाया. एक्केचाळीस नंबर तिनं पावडर मारून, तान्ह्याला दुपट्यात गुंडाळावं तसा माझ्यात निजवला. वर सहीची चिठ्ठी ठेवली, झाकणावर शिक्क्याची पट्टी चिकटवली. ती पट्टी फाटायची फुगा उडवतानाच.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी कामावर येताना तिला मक्याच्या शेतावर काहीतरी दिसलं. तांबूस, वाऱ्याच्या उलट जाणारं. दिसलं तसं तिनं सांगितलं. तेव्हा उडत्या तबकड्यांची हवा होती, म्हणून चौकशीला हवाई दलाचा एक कॅप्टन आला. त्याचं नाव मी शेवटी घेईन.

"फुगा होता, बाई."

"साहेब, सहा वर्षं मी फुगेच करते. फुगा वाऱ्याच्या तोंडावर चालून जातो होय?"

"एक्केचाळीस नंबर. त्याच सकाळी सोडलेला."

"एक्केचाळीस? अहो, तो गोदामात पेटीत निजलाय! चला, दाखवते."

त्यानं घड्याळ पाहिलं. "मला चारची गाडी गाठायचीय."

गोदाम पन्नास पावलांवर होतं. पन्नास! तो आला नाही. कागदावर 'फुगा' लिहिलं, कॉफी संपवली आणि गेला.

पेपरात आलं: फुगे करणाऱ्या सिग्ने टोर्विकला फुगाच ओळखेना. जेवणाच्या सुट्टीत तिच्या शेजारी काम करणारी ग्रेटा म्हणाली, "काय गं, मंगळावर सासर शोधलंस का?" शुक्रवारी मालकानं तिला काढून टाकलं. जिला स्वतःचा माल ओळखता येत नाही, तिच्या सहीवर सैन्य भरवसा कसा ठेवील, म्हणे.

जाताना तिनं माझ्या झाकणावर हात ठेवला. "तोंड मिटून राहा. उघडशील ती सगळ्यांसमोर उघड."

राहिले. दोन वर्षं. उंदरांनी कोपरा कुरतडला, पण पट्टीला मी धक्का लागू दिला नाही.

मग साठा मोजायला एक कर्नल आला. यादीत एक्केचाळीस नंबर उडालेला, आणि इथे माझ्यावर पट्टी जशीच्या तशी. मालकाला समोर उभं करून त्यानं ती फाडली. आत फुगा, वर सिग्नेची चिठ्ठी. "मग त्या दिवशी उडालं काय?" त्यानं विचारलं. मला इतकं गार वाटलं म्हणून सांगू!

सिग्नेला कामावर परत बोलावणं आलं. ती म्हणाली, "काम ठेवा तुमच्यापाशी. माझी पेटी द्या. आणि पेपरात त्या कॅप्टनचं नाव छापा, माझं छापलंत तेवढ्याच मोठ्या अक्षरात."

आता मी तिच्या स्वयंपाकघरात बटाटे सांभाळते. आल्यागेल्यानं माझ्याकडे पाहिलं की सिग्ने झाकण उघडून शेवटी पेपरात छापून आलेलं, आत चिकटवलेलं कात्रण दाखवते. तुम्हीही वाचा. मोठ्यानं वाचा, मला दर वेळी नव्यानं ऐकायचं असतं. पन्नास पावलं न चाललेला तो माणूस: कॅप्टन लेलंड स्टॅगनर.